कोळशाचा अमीज स्वॅब: गिधाडाच्या नमुन्यासाठी चांगला, पण सगळ्याला नाही

आजारी गिधाडाच्या अंगातले जिवाणू जिवंत ठेवून प्रयोगशाळेपर्यंत न्यायचे, तर प्लॅस्टिकच्या दांडीचा, काळ्या जेलच्या नळीतला अमीज स्वॅब (नमुना टिपायची बोळा लावलेली काडी; अमीज हे त्या जेलचे नाव, काळेपणा कोळशाचा) घ्यावा. जेलमध्ये पोषक द्रव्ये नसतात, म्हणून साल्मोनेला, ई. कोलाय असे जिवाणू तग धरतात पण फोफावत नाहीत. जिवाणूंना मारक ठरणारी द्रव्ये कोळसा शोषून घेतो. लाकडी दांडीचे स्वॅब स्वस्त असले तरी नकोत. लाकडातली द्रव्ये काही जिवाणूंना मारतात.

नमुना प्रतिजैविक देण्याआधीच घ्या. आधी टाळूची फट, मग दुसऱ्या स्वॅबने अवस्कर (पक्ष्याचे विष्ठा-मूत्राचे सामाईक द्वार). टोक निर्जंतुक सलाइनमध्ये ओलवून हलकेच फिरवा, जेलच्या तळापर्यंत खुपसा, झाकण घट्ट लावा. पक्ष्याचा क्रमांक नळीवर लिहा, झाकणावर नको. झाकणे अदलाबदल होतात. नळी 2 ते 8 अंशांत ठेवा, गोठवू नका, बर्फाच्या पॅकला थेट टेकवू नका. 24 तासांत कल्चर (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहणे) लागले तर उत्तम, 48 तासांनंतर अहवालावर भरवसा कमीच.

मोठी उणीव कोळशाचीच. पीसीआरमध्ये, म्हणजे जंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीत, तो अडथळा आणतो, ग्रॅम रंजनाच्या (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या) काचेवर काळे कण दिसतात. त्यामुळे पीसीआरसाठी वेगळा कोरडा स्वॅब हवाच. क्लॅमिडिया हा जिवाणू तर या जेलमधून कल्चरसाठी नेता येत नाही, त्याचे माध्यम निराळे. उन्हाळ्यात पत्र्याच्या चौकीत ठेवलेल्या नळ्यांतले जेल आकसते. तडे दिसले तर ती नळी टाकून द्या.

कुजलेल्या शवाचा अवस्कर-स्वॅब वाया जातो. यकृताचा पृष्ठभाग तापलेल्या पात्याने भाजून, छेद देऊन आतला नमुना घ्या. पाश्चरेला या जिवाणूचा संशय असेल तर लांब हाडच पाठवा, मज्जेत तो जास्त टिकतो. बर्ड फ्लूची शंका असेल तर शव उघडूच नका. बोट्युलिझममध्येही (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्यातही) हा स्वॅब निरुपयोगी. 2019 मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी त्याने मेले. या रोगात मारते ते विष, आणि ते शोधायला आजारी पक्ष्याचा सीरम (रक्तातला पातळ द्रव) लागतो.

निरोगी गिधाडाच्या आतड्यातही क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू भरपूर असतो. म्हणून अवस्करात तो सापडला एवढ्यावर मृत्यूचे कारण ठरवणे घातक आहे: डायक्लोफिनॅकचा (गुरांना दिलेल्या, शवातून गिधाडाच्या पोटात जाणाऱ्या वेदनाशामकाचा) बळी जिवाणूंच्या खात्यात जातो. म्हणून या औषधाच्या तपासणीसाठी यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे स्वतंत्र गोठवून पाठवा, आणि नमुना घेण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी हाती असू द्या.