पोअर प्रेशरचा अंदाज: आवर्तनं मोजावीत की ऊर्जा?

गोदाकाठच्या गाळमिश्र वाळूचे नमुने लॅबमध्ये आले आहेत आणि भूकंपात तिच्यातलं पोअर प्रेशर, म्हणजे कणांमधल्या पाण्याचा दाब, कसं चढेल ते सांगायचं आहे. अशा वेळी नाशकात आमच्यासमोर बहुधा दोनच पर्याय असतात: सीड आणि सहकाऱ्यांची १९७०च्या दशकातली आवर्तनांची (भाराचे हेलकावे मोजण्याची) पद्धत, किंवा ग्रीन, मिचेल आणि पोलिटो यांचं २००० सालचं ऊर्जेचं सूत्र. स्ट्रेनवर (मातीच्या विकृतीवर) आधारलेलं मार्टिन-फिन-सीडचं मॉडेलही चांगलं आहे, पण त्याचा खरा उपयोग फ्लॅकसारख्या सॉफ्टवेअरवर पूर्ण नॉनलिनियर विश्लेषण करणाऱ्याला.

सीडची पद्धत सगळ्यांच्या ओळखीची. रिपोर्ट तपासणाऱ्या साहेबांना काही समजावून सांगावं लागत नाही, स्वच्छ वाळूला अल्फा (दाबवाढीच्या वक्राचा आकार ठरवणारा गुणांक) ०.७ धरला की गाडी पुढे सरकते. माझं अडलं ते आवर्तनांच्या मोजणीपाशी. लॅबमधला भार एकसारखा, भूकंपाचा वेडावाकडा. म्हणून कमाल ताणाच्या ६५ टक्के पातळीवरची समतुल्य आवर्तनं काढायची. ७.५ तीव्रतेला १५ हा ठोकताळा पाठ असतो, पण आपल्याकडे संदर्भ निघतो तो ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या नोंदीचा, आणि तिच्यातली शिखरं टोकदार, एकापाठोपाठ एक. तीच नोंद दोघांनी मोजली की आकडे दोन येतात. समजा, नमुना १० आवर्तनांत लिक्विफाय होतोय, म्हणजे द्रवासारखा होतोय. एकाने ५ मोजली, दुसऱ्याने ८. अल्फा ०.७लाच दाब गुणोत्तर (वाढलेलं पोअर प्रेशर भागिले कणांवरचा सुरुवातीचा इफेक्टिव्ह दाब) एकीकडे ०.४२, दुसरीकडे ०.६५! माती तीच, भूकंप तोच. बैठकीचा सगळा वेळ मग या वादातच जातो.

ऊर्जेच्या सूत्रात हा प्रश्नच येत नाही. प्रत्येक लूपचं (एका आवर्तनातल्या ताण-स्ट्रेन आलेखाच्या वळशाचं) क्षेत्रफळ, म्हणजे खर्चलेली ऊर्जा, बेरजेत टाकत जायचं, त्याला सुरुवातीच्या इफेक्टिव्ह दाबाने भागायचं, पीईसीने (स्यूडो एनर्जी कपॅसिटी, त्या मातीचा ऊर्जा-स्थिरांक) भागून वर्गमूळ घ्यायचं. पीईसीही त्याच चाचणीतून मिळतो: दाब गुणोत्तर ०.६५ला पोचेपर्यंत खर्चलेली ऊर्जा भागिले ०.४२२५. वर्गमूळामुळे ऊर्जेत २० टक्के चूक झाली तरी उत्तर दहाएक टक्केच हलतं.

जपायचं ते लूपला. सुरुवातीला तो स्क्रीनवर रेघेइतका बारीक असतो. लोड सेल (भार मोजणारं उपकरण) नमुन्याच्या चेंबरबाहेर असेल तर पिस्टनचं घर्षण त्याला उगीच फुगवतं आणि ती खोटी ऊर्जा बेरजेत शिरते. त्यामुळे आतल्या लोड सेलची सोय नसलेल्या लॅबला मी सीडच सुचवेन.

दोन्ही पद्धती वाळूच्या, काळ्या मातीला लावू नयेत. शिवाय हादरे चालू असताना पाणी निचरून जाण्याचा हिशेब दोन्हींत नाही. गंगापूरसारख्या मातीच्या धरणाच्या कामात तो वेगळा मांडावा लागतो.

माझा रिपोर्ट आता ऊर्जेवर असतो. सीडचा तक्ता परिशिष्टात देतो, मोजणी कशी केली तेही लिहून.