रिकॉम्बिनंट मानवी एसीई-२: नागपूरच्या उन्हाळ्यात मागवण्याजोगे आहे का?

कोविडविरोधी प्रतिपिंडे विषाणूच्या पृष्ठभागावरील स्पाइक प्रथिनाला कितपत अडवतात हे रक्तद्रवाच्या नमुन्यांत तपासण्यासाठी आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेने रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेल्या) मानवी एसीई-२ या ग्राही प्रथिनाची, म्हणजे आपल्या पेशींवरील ज्या प्रथिनाला स्पाइक चिकटते त्याची, ५० मायक्रोग्रॅमची कुपी मागवली. मूळ प्रथिन ८०५ अमिनो आम्लांचे आहे. या उत्पादनात त्याचा पेशीपटलाबाहेरचा, १८ ते ७४० क्रमांकांचा भाग शेवटी हिस्टिडीन टॅग (प्रथिन ओळखता यावे म्हणून हिस्टिडीन या अमिनो आम्लाची छोटी साखळी) जोडून एचईके-२९३ या मानवी पेशींमध्ये तयार केला आहे.

मानवी पेशींचा हा उल्लेख निव्वळ जाहिरातीपुरता नाही. एसीई-२ वर शर्करासाखळ्या जोडल्या जाण्याच्या सात जागा आहेत आणि नेहमीच्या ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेल्या प्रथिनावर त्या साखळ्या येत नाहीत. त्यांच्यामुळेच हिशेबाने सुमारे ८५ किलोडाल्टनचे हे प्रथिन, प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ११० च्या आसपास, काहीसा पसरट पट्टा देते. नवख्या विद्यार्थ्याला त्यात भेसळीची शंका येते खरी, पण पीएनजेज-एफ विकराने शर्करा काढल्यावर पट्टा खाली सरकतो. शुद्धतेबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि स्पाइकच्या आरबीडी या, ग्राहीला चिकटणाऱ्या भागाशी होणाऱ्या बंधाचा आलेखही अपेक्षेप्रमाणे आला.

तक्रार आहे ती पोहोचवणीबद्दल. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या घरात असताना वितरकाने खोका साध्या कुरियरने पाठवला आणि तो हाती आला तेव्हा जेल पॅक पूर्ण वितळलेले होते. प्रथिन गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात होते म्हणून निभावले. हेच द्रावणाच्या रूपात असते, तर कोरड्या बर्फाशिवाय ते स्वीकारूच नये असे माझे मत आहे.

माहितीपत्रकही त्रोटक आहे. सोबत वाहक प्रथिन नसल्यामुळे फार विरळ केलेले द्रावण नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाते, तेव्हा चाचणीत अडचण नसेल तर थोडे बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) घालावे आणि एकदा विरघळवल्यावर लहान लहान भाग करून गोठवावे, एवढे तरी त्यात ठळकपणे हवे होते.

एफसी टॅगची (प्रतिपिंडाच्या शेपटाकडचा भाग जोडलेल्या प्रथिनाची) कुपीही मिळते आणि तिच्यात दोन रेणू जोडीने असल्याने बंध अधिक घट्ट दिसतो. मात्र मानवी रक्तद्रवात मुळातच आयजीजी हे, तसाच एफसी भाग असलेले प्रतिपिंड असते आणि चाचणीत एफसी ओळखण्यासाठी वापरलेले दुय्यम प्रतिपिंड त्यालाही पकडते, म्हणून आमच्यासारख्या कामाला हिस्टिडीन टॅगच बरा. फक्त आरबीडीवरही तोच टॅग असेल, तर हिस्टिडीनविरोधी प्रतिपिंडाने दोन्ही प्रथिने वेगळी ओळखता येत नाहीत, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच पाहावे. एसीई-२ हे विकरही आहे; ज्यांना बंध नव्हे, तर त्याची विकर म्हणून होणारी क्रिया मोजायची आहे, त्यांनी बफरमध्ये ईडीटीए अजिबात ठेवू नये, कारण या विकराला जस्ताची गरज असते आणि ईडीटीए नेमके तेच काढून घेते.