ब्लोअरची मोटार आणि रेझिस्टन्स बदलल्यानंतर: एक पावसाळा, एक हिवाळा

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. ब्लोअर (डॅशबोर्डमधून हवा फेकणारा पंखा) फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल आणि खालचे सगळे स्पीड मेले असतील, तर बहुतेक वेळा रेझिस्टन्स, म्हणजे खालच्या स्पीडला पंख्याचा करंट कमी करणारा भाग, गेलेला असतो. पण नुसता रेझिस्टन्स टाकून गाडी घरी आणू नका. तो का गेला ते बघा. माझ्या गाडीत खरी चोर मोटार होती. ती बदलल्यापासून पावसाळा गेला, पुण्याची थंडीही गेली, पण पुन्हा काही जळलं नाही.

गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, साधा मॅन्युअल एसी, चार स्पीडचा नॉब. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाल्यांना यातलं अर्धंच लागू पडेल, तिथे बहुतेक वेळा रेझिस्टन्सऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं.

‘आपल्याकडे हीटर लागतो कुणाला’ असं म्हणणाऱ्यांनी जुलैत चार माणसं बसवून ताम्हिणी घाट उतरून दाखवावा. काच आतून अशी धुरकटते की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे कळतात. आणि ब्लोअर बंद म्हणजे एसीही बंद, कारण नॉब शून्यावर असला की एसीचा कॉम्प्रेसर चालूच होत नाही. माझ्याकडे चौथा स्पीड तेवढा शिल्लक होता. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं.

गॅरेजमध्ये रेझिस्टन्स बदलून मिळाला आणि काही आठवड्यांत तोही गेला, या वेळी जळका वास सोडून. दुसऱ्या एका वायरमनने मार्ग काढला: ‘साहेब, याचा थर्मल फ्यूज डायरेक्ट करतो, परत यायचं कामच नाही.’ हा जुगाड कुणी सुचवला तर गाडीची चावी परत घ्या. रेझिस्टन्सवरचा, जास्त तापला की वीज तोडणारा तो छोटा फ्यूज डॅशबोर्डच्या आत आग लागू नये म्हणूनच बसवलेला असतो.

आता हे सगळं होतं का ते. खालच्या स्पीडला मोटारीच्या वाटेत रेझिस्टन्सची तार येते, करंट कमी होतो आणि उरलेली वीज त्या तारेत उष्णता होऊन जाते. चौथ्या स्पीडला रेझिस्टन्स वगळून थेट पुरवठा मिळतो, म्हणून तो शेवटपर्यंत चालत राहतो. ही तापणारी तार मुद्दाम हवेच्या वाटेत बसवतात, ब्लोअरच्याच वाऱ्याने ती थंड राहावी म्हणून. मोटार जड फिरायला लागली की दोन गोष्टी एकदम बिघडतात. करंट वाढतो आणि वारा घटतो. करंट दीडपट झाला तर तारेतली उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. त्यात थंड करणारा वाराही कमी. मग थर्मल फ्यूज उडणार नाही तर काय होणार? मेन फ्यूज मात्र शाबूत, कारण तो ३० अँपिअरचा आणि थकलेली मोटार खात होती २० च्या आसपास.

हा आकडा मला क्लॅम्प मीटरवर मिळाला, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरवर. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, गेलात तर एक बघून घ्या: मीटर डीसी (बॅटरीचा) करंट मोजणारा हवा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त घरच्या विजेचा एसी करंट मोजतात, गाडीत त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि साध्या मल्टिमीटरची १० अँपिअरची खोबणी वापरून ब्लोअरचा करंट मोजायला जाऊ नका, मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच जाईल.

मल्टिमीटर बाकीच्या कामाला पुरतो. रेझिस्टन्स काढून ओहमवर लावला की प्रत्येक पिनेला थोडंफार वाचन यायला हवं, एखाद-दोन ओहम किंवा त्याहूनही कमी. माझा सरळ ओपन, म्हणजे आतून तुटलेला. ब्लोअर एकाही स्पीडला चालत नसेल तर मात्र रेझिस्टन्सच्या मागे लागू नका. फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच), नॉबचा स्विच, अर्थ (निगेटिव्ह जोडणी) आणि मोटार या क्रमाने जा. इथे टेस्ट लॅम्पवाले हमखास गोंधळतात. माझ्या गाडीत, आणि जपानी धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत, मोटारीला १२ व्होल्ट रिलेतून थेट येतात आणि स्पीडचा सगळा खेळ अर्थच्या बाजूला चालतो. मोटारीच्या दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट दिसले तर मोटार नाही, अर्थकडची वाट तुटलीय. एकीवर १२, दुसरीवर जवळजवळ शून्य आणि तरी मोटार ढिम्म, तर मोटारीतले कार्बन ब्रश संपले. अशा वेळी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटारीच्या पाठीवर हलकेच टकटक केलं की ती कधी कधी फिरायला लागते. हा उपाय नाही, निदान आहे.

माझी मोटार फिरत होती, पण कुरकुरत. ती ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, डाव्या माणसाच्या पायांच्या वर असते. तीन स्क्रू काढले आणि मोटारीसोबत गुलमोहराच्या बारीक पानांचा मूठभर चुरा मांडीवर आला. काचेखालच्या जाळीतून मोठी पानं आत जात नाहीत, ही जातात. माझ्या व्हेरिअंटमध्ये केबिन फिल्टरच नाही, नुसती त्याची रिकामी खाच आहे, म्हणजे चुरा थेट पंख्यात. वर उंदराने कुरतडलेला स्पंज होताच. मोटारीवरचा पंख्याचा पिंजरा बोटाने फिरवला तर अर्ध्या फेरीत थांबला, आणि दांड्याच्या बुशाशी (दांडा फिरतो त्या कडीशी) तांबूस भुकटी. जाळीखालचं पाणी वाहून जायचं भोक तुंबलं होतं, त्यामुळे पावसाचं पाणी मोटारीवर ठिबकत असणार. तेल टाकून चालवता आली असती, पण गंजलेल्या बुशाला तेल म्हणजे चार दिवसांची सोय.

सामान नाना पेठेतून आणलं. कंपनीच्या खोक्यातली मोटार मिळत होती, पण मी साधारण निम्म्या किमतीची लोकल घेतली आणि रेझिस्टन्स मात्र ओरिजिनल. रेझिस्टन्सही लोकल घेतला असता तर आणखी पैसे वाचले असते, पण दुकानातला लोकल रेझिस्टन्स बघितल्यावर मन होईना. त्याची पिन हाताला हलत होती.

नवी मोटार पिंजऱ्याविना आली, म्हणून जुना पिंजरा धुऊन बसवला. पात्यांवर कुठे एखादी बारीक पत्र्याची क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नका. ती पंख्याच्या बॅलन्ससाठी असते. काढलीत तर चौथ्या स्पीडला डॅशबोर्ड थरथरेल. लोकल मोटारीचा सॉकेट जुळला नाही तर वायरींची अदलाबदल होण्याची भीती असते. उलटा फिरणारा पिंजराही वारा पुढेच फेकतो, फक्त मरतुकडा. त्यामुळे ‘चालतोय की’ म्हणून गाडी ताब्यात मिळते आणि मालक महिनोन्‌महिने एसीत गॅस भरत बसतो.

रेझिस्टन्सचा सॉकेट एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळला होता, तोही बदलला. हे काम बहुतेक जण टाळतात. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते, आणि नवा रेझिस्टन्स त्याच जळक्या सॉकेटात गेला की तक्रार पुन्हा सुरू.

आता वापराचं. बसवली तेव्हा चौथ्या स्पीडला मोटार १३ अँपिअरच्या आसपास घेत होती, परवा पुन्हा क्लॅम्प लावला तर आकडा तिथेच. सॉकेटला हात लावला तर कोमट, बस. पावसाळ्यात सगळ्यात मोठं सुख पहिल्या स्पीडचं: एसी चालू, तापमानाचा नॉब मधोमध, हवा काचेवर, आणि काच स्वच्छ. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, म्हणून उन्हाळा नसतानाही तो चालू लागतो. घाटात काच बाहेरून धुरकटली तर मात्र ब्लोअरला शिव्या नकोत. काच जास्त गार झालेली असते. वायपर मारा आणि काचेवरची थंड हवा कमी करा. जानेवारीत पहाटे महाबळेश्वरला हीटर दुसऱ्या स्पीडला ठेवून उबेत बसलो, मागच्या सीटवरून तक्रार आली नाही.

तक्रारी माझ्या आहेत. लोकल मोटारीचा पहिला स्पीड जुन्यापेक्षा जरा मंद आहे. तिसऱ्याला एक बारीक गुणगुण येते, रेडिओ बंद असला तरच जाणवणारी. आणि थंडीत गाडी चालू केल्यावर मिनिटभर चिमणीसारखी चिवचिव. बुशाचा दर्जा इथे कळतो. पुढच्या वेळी कंपनीचीच मोटार घेईन, निदान बायको ‘हे काय ओरडतंय’ म्हणून विचारणार नाही.

स्वतः करावं का? ग्लोव्ह बॉक्स काढून मोटार हाताला लागत असेल तर जरूर करा: इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलेलं, आणि मान वाकडी करून काम करायची तयारी. काही गाड्यांत मात्र मोटारीपर्यंत पोचायला अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तिथे गॅरेजच बरं. फक्त रेझिस्टन्स बदलायला सांगताना मोटारीचा करंटही समोर मोजून दाखवायला सांगा. आणि मेच्या शेवटी, पहिल्या सरीच्या आधी, काचेखालची जाळी उघडून पानं काढा आणि पाण्याचं भोक मोकळं करा.