७५० वॅटचा मिक्सर सात महिन्यांनी: बिघाड ८० रुपयांचा, डोकेदुखी आठवड्याची

मे महिन्यात घेतला, डिसेंबरात बसला. तीन भांडी, तीन स्पीड वगैरे सगळं खोक्यावर छापलेलंच आहे, ते परत सांगत नाही. मला बोलायचंय आवाजाबद्दल.

सुरुवातीला ठीक होता. दिवाळीच्या फराळानंतर मात्र असा खडखडायला लागला की आमची मनी थेट कपाटावर. पुढेपुढे तर बटण दाबायचीही गरज उरली नाही, भांडं बसवतानाचा 'टक्' ऐकूनच ती पसार व्हायची. वीज खातो म्हणावं तर तसंही नाही. रोज दहा मिनिटं फिरवला तरी महिन्याचे चार युनिट होत नाहीत. आवाजाचं बिल वेगळं असतं तर दिवाळं निघालं असतं.

रजा शिल्लक होती म्हणून आठवडाभर अमळनेरला घरीच होतो. आप्पांनी फर्मान काढलं, रोज रात्री एक जुना पिक्चर. पहिला 'श्यामची आई', १९५३ चा. आप्पा प्रताप हायस्कूलचे विद्यार्थी. साने गुरुजी तिथे १९२४ ते १९३० शिकवायला होते, त्यामुळे हा पिक्चर म्हणजे घरचंच कार्य. इकडे श्याम रडवेला झाला आणि तिकडे आईनं शेवभाजीसाठी भाजलेलं खोबरं वाटायला घेतलं. घर्रर्र! आप्पा ओरडले, "अगं, त्या पोराला रडू तरी दे!" तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. मोटर फिरतेय, पातं ढिम्म.

खालचं लाल बटण मी चार वेळा दाबलं. (ते लोड जास्त होऊन मोटरच बंद पडली तर दाबायचं असतं. इथे मोटर चालू होती. ही अक्कल नंतर आली.) सकाळी धुळ्याला सर्व्हिस सेंटरात नेला. काउंटरवरच्या पोरानं उघडूनही न बघता सांगितलं, "मोटर गेली. आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. ११५० होतील, ठेवून जा." आठवड्यानं गेलो तर मिक्सर जसाच्या तसा, वर तपासणीचे १५० रुपये. ते मी दिले, याचाच राग अजून जात नाही.

पण मधला आठवडा मजेत गेला, हेही सांगायला हवं. भरताला मिक्सर लागतोच कुठे? जळगावची पांढरट हिरवी वांगी, परसात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, मग बडगीत (लाकडी उखळीत) मिरची-लसणाबरोबर ठेचायची. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. रात्री 'जैत रे जैत' लावला, १९७७ चा. स्मिता पाटीलचं मूळ घर शिरपूरचं, म्हणून आई दरवेळी माहेरची पोर असल्यासारखी बघते. यंदा गाणी पहिल्यांदा अखंड ऐकली. मनी ओट्यावर मिक्सरच्याच जागी अंगाचं मुटकुळं करून झोपायला लागली. दारातल्या मोत्याला आप्पा उरलेला रस्सा घालायचे, तेही याच आठवड्यात बंद केलं. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. आता त्याला कोरी भाकरी.

मी एक स्टार देऊन पाट्यावर परतायचं ठरवूनच टाकलं होतं. आई म्हणाली, "पाट्याचं कौतुक तू कर, वाटते मी." मग एक दिवस मीच काळा मसाला वाटला. दुसऱ्या दिवशी उजवा हात डोक्यापर्यंत जाईना, भांग डाव्या हातानं पाडला.

शेवटी गल्लीतल्या मिस्तरीकडे नेला. त्यानं भांडं काढलं, बोट फिरवलं आणि हसला. मोटरच्या दांड्यावरचं कपलर, म्हणजे भांड्यातलं पातं फिरवणारी दातेरी चकती, झिजून गुळगुळीत झालं होतं. "हे मुद्दाम नरम ठेवतात. पातं अडकलं की हे जातं, मोटर वाचते. खोबऱ्याच्या वाट्या अख्ख्या टाकता ना?" टाकतो. त्यानं खालून दांडा स्क्रू ड्रायव्हरनं धरला आणि कपलर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून काढलं; आटे उलटे असतात, नेहमीसारखं सोडवायला गेलं की उलट आवळतं. नवं कपलर, मजुरीसकट ८० रुपये. भांड्याचं बुशही (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते) ढिलं झालंय म्हणाला, ते पुढच्या महिन्यात बघू.

आणि घरी येऊन बटण दाबलं तर खडखड गायब! म्हणजे दिवाळीपासून ज्या आवाजाला शिव्या घातल्या तो बराचसा झिजलेल्या दात्यांचा होता. कंपनीची चूक एवढीच की माहितीपत्रकात यावर एक ओळ नाही. मिक्सरला साडेतीन स्टार. सर्व्हिस सेंटरला शून्य, आणि माझे १५०.

वायर मात्र जेमतेम एक मीटर आहे. सॉकेटजवळ एकच जागा बसते, आणि तिथून मनी आता उठायला तयार नाही.