टॉन्सिल काढल्यानंतरची दोन सिरप: औषध चोख, मापाचं झाकण भिकार

झोपेत श्वास अडकतो म्हणून मुलाचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची ग्रंथी) काढले की घरी जाताना हातात पडतं ते पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. ‘एवढ्यानं भागेल?’ असं वाटतंच. बहुतेक मुलांचं भागतं. घड्याळ पाळलं तर.

मग कोडीन, म्हणजे अफूच्या वर्गातलं जोरदार वेदनाशामक, का नाही? काही मुलांचं यकृत कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्यानं करतं. त्यातून रोज रात्री ऑक्सिजन खाली जाणाऱ्या मुलांना मॉर्फिन थोडंही जास्त चढतं. ऑपरेशननंतर घसा सुजलेला, श्वास अजून अडकतोच. त्यात मॉर्फिन श्वास मंदावतं, मग झोपेत श्वास थांबू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं या ऑपरेशननंतर मुलांसाठी कोडीन २०१३ मध्ये वर्ज्य ठरवलं, २०१७ मध्ये त्याच वर्गातलं ट्रामाडॉलही.

डोस वजनावर. पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, आयबुप्रोफेन १०, दोन्ही दर सहा तासांनी, दिवसात चारच वेळा. १६ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल २४० मिग्रॅ: ५ मिलीत १२० असलेलं सिरप १० मिली, २५० वालं मात्र ४.८ मिलीच. घोळ होतो तो इथे. बाटली बदलली, मिली तेच राहिले, की डोस दुप्पट! झाकणावरच्या खुणा धूसर, तळाला औषध चिकटून राहतं. झाकण फेका, १० मिलीची तोंडातून द्यायची सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडा. दोन्ही औषधं एका बाटलीतलं मिश्र सिरप आम्हाला पटत नाही. एकाचा डोस वजनाला बसवला की दुसऱ्याचा कमी-जास्त होतो.

तीन-तीन तासांनी आलटून-पालटून देण्यापेक्षा दोन्ही एकदम दिलेली बरी, रात्री कमी वेळा उठावं लागतं. पहिले तीन दिवस झोपेतूनही उठवून द्या. डोस चुकला की घसा कोरडा, गिळणं बंद, पाणी बंद, आणि मग सिरपही जात नाही. पाणी अगदीच जात नसेल तर आयबुप्रोफेन थांबवून डॉक्टरांना विचारा, मूत्रपिंडावर ताण येतो. खपली सुटते तेव्हा, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, दुखणं पुन्हा उसळतं. कानही ठणकतो, तो कानाचा आजार नव्हे, घशातलंच दुखणं.

मूल उठवूनही नीट जागं होत नसेल, श्वासात खंड पडत असेल किंवा थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं, तर पुढच्या डोसची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

पाचपैकी चार. कापलेला एक गुण झाकणाचा.