नवरात्राचे उपवास आणि घरचे शुगर मशीन: सात महिन्यांचा अनुभव

आईला 9 वर्षांपासून मधुमेह आहे, आणि नवरात्राचे उपवास तिने लग्नानंतर एकदाही सोडलेले नाहीत. गेल्या वर्षी अष्टमीला ती घटापुढेच भोवळ येऊन पडली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून तालुक्याचा दवाखाना 22 किलोमीटर आहे. तो रस्ता त्या दिवशी संपता संपत नव्हता. म्हणून यंदा चैत्रात बोटाच्या रक्तावरून शुगर सांगणारे हे मशीन मेडिकलमधून 750 रुपयांना घेतले.

आकड्यांवर विश्वास बसावा म्हणून एका सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेतही रक्त दिले. तिथे 142 आले, मशीनवर 151. शंभराच्या वर 15 टक्क्यांपर्यंतचा फरक मानकातही ग्राह्य धरतात, त्यामुळे माझे समाधान झाले.

घटस्थापनेच्या आठवडाभर आधी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटलो. आई मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड घेते, आणि ही दुसरी गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. उपवासात शुगर एकाएकी उतरते ती बहुधा अशाच गोळीमुळे किंवा इन्सुलिनच्या इंजेक्शनमुळे. डॉक्टरांनी तिचा डोस कमी करून फराळाच्या वेळेशी जोडून दिला. हे ज्याचे त्याने मनाने करू नये, एवढे मी हात जोडून सांगतो.

सातव्या माळेला संध्याकाळी दिव्यात तेल घालताना आईचा हात थरथरला आणि तेल पाटावर सांडले. कपाळावर घाम होता, पण "काही नाही, ऊन लागलं असंल," असे ती म्हणत राहिली. मशीनने 58 दाखवले. 70 च्या खाली गेले की थांबायचे नाही, हे ठरलेलेच होते. अर्धा ग्लास पाण्यात तीन छोटे चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम साखर विरघळवून पाजली आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा 86 आले. मग भगर आणि दही दिले. शेंगदाण्याचा लाडू आधी दिला असता तर त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर झाला असता. साखर उपवासाला चालते, म्हणून आईने ते पाणी नाकारले नाही, ही माझ्या दृष्टीने मोठीच गोष्ट.

साबुदाण्याच्या उसळीनंतर दोन तासांनी आकडा 248 वर गेला होता, हेही मशीनमुळेच कळले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च; पुढच्या दिवसांत आईने तो आपणहून कमी केला.

आता उणिवा. मशीनपेक्षा रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्याच महाग पडतात: 25 पट्ट्यांची डबी 480 रुपयांना, आणि तीही तालुक्याला नेहमी मिळत नाही. पडद्याला उजेड नाही, त्यामुळे भारनियमनात रात्री टॉर्च धरावा लागतो. मे महिन्यात भर दुपारी मशीनने आकड्याऐवजी तापमानाची खूण दाखवली होती. पट्ट्या 30 अंशांच्या आत ठेवा असे डबीवर लिहिलेले आहे, म्हणून आम्ही ती मधल्या मातीच्या खोलीत, झाकण घट्ट लावून ठेवतो. केळे सोललेल्या हाताने तपासल्यावर एकदा आकडा उगाचच चढा आला. हात धुऊन, कोरडे करून पुन्हा पाहिले तर 40 ने कमी.

घरात ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणारे कोणी उपवास धरत असेल, तर त्यांनी मशीन घ्यावेच, पण नऊ दिवसांना पुरतील इतक्या पट्ट्या घटस्थापनेआधीच आणून ठेवाव्यात.