फुल इन्शुरन्स, थर्ड पार्टी आणि अ‍ॅड-ऑन: बेळगाव भागातल्या गाडीसाठी काय घ्यावं, काय सोडावं

निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात एमएच ०९ आणि केए २२, केए २३ पाट्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावतात. त्यामुळे कोल्हापुरात काढलेली पॉलिसी कर्नाटकात चालते का, हा प्रश्न इथं कायम विचारला जातो. चालते. मोटार वाहन कायदा १९८८ हा केंद्राचा कायदा आहे आणि त्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, देशभर सक्तीचा आहे. तो नसताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दंड ४,०००.

थर्ड पार्टीचा हप्ता कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेले खासगी कारचे वार्षिक दर असे: १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसी ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. इलेक्ट्रिक गाडीला यात १५ टक्के सूट. नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. म्हणजे "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्तात बसवून देतो" असं कुणी सांगितलं तर पॉलिसी खरी आहे का, हे आधी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा.

नुसती थर्ड पार्टी आम्ही फक्त अगदी जुन्या, किंमत उरलेली नाही अशा गाडीला सुचवतो. समोरच्याचा मृत्यू किंवा इजा यांची भरपाई तिच्यात येते, त्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत येतं. स्वतःच्या गाडीचं काही येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं: अशा पॉलिसीत तुमच्याच गाडीत बसलेल्या माणसांनाही सहसा संरक्षण नसतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला सगळं घर एका गाडीत बसून निघतं. अपघात झाला तर मागच्या सीटवरच्या आईची किंवा भावजयीची भरपाई मागायची कुणाकडे, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो ती, घेण्याचं सगळ्यात मोठं कारण आमच्या मते हेच आहे. पत्र्याचं नुकसान त्यानंतर येतं.

सोबत १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो. नाव नीट वाचा: तो नोंदणीकृत मालकाचा आहे. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला तो लागू होत नाही. प्रवाशांसाठीचा अनामिक, म्हणजे नावं न नोंदवता मिळणारा, अपघात विमा (माणशी दोन लाखांपर्यंत) वेगळा मागून घ्यावा लागतो. एजंट तो स्वतःहून क्वचितच काढतो. हप्ता किरकोळ आहे, जरूर घ्या.

आता फुल इन्शुरन्सचा आकडा बनतो कसा ते बघू. १,१९७ सीसीची, पाच वर्षांच्या आतली गाडी, आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ५ लाख. विम्याच्या दरांसाठी केलेल्या विभागणीत बेळगाव झोन बी मध्ये येतं. जुन्या टॅरिफचा, म्हणजे दरपत्रकाचा, दर ३.१९१ टक्के, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १५,९५५ रुपये. कंपन्या यावर आपापली सूट देतात. ती ६० टक्के धरली तर उरतात ६,३८२. तीन वर्षं क्लेम नाही म्हणून ३५ टक्के नो क्लेम बोनस, उरले ४,१४८. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवा, वर १८ टक्के जीएसटी. साधारण ८,९२५ रुपये, अपघात विमा आणि अ‍ॅड-ऑन (जास्तीचे पैसे भरून घेतलेली जोड-कव्हरं) वेगळे. पुणे आणि बेंगळुरू झोन ए मध्ये आहेत, तिथल्या नोंदणीला हाच दर ३.२८३ टक्के. फरक नगण्य आहे, तेवढ्यासाठी पाटी बदलण्याचा विचार करू नये.

कोटेशन एकमेकांशी ताडताना दोन आकडे आधी बघा. एक आयडीव्ही: तो खाली ओढला की हप्ता कमी दिसतो, पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला तर हातात तेवढेच कमी पैसे येतात. दुसरा नो क्लेम बोनस. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असताना फॉर्मवर ५० टक्के बोनस टाकून हप्ता पाडणारे लोक आहेत. पुढच्या क्लेमच्या वेळी जुनी कंपनी खरा आकडा कळवते आणि नुकसानीचा क्लेम तिथंच अडकतो. बोनसच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर तो जातो.

याच हिशेबावरून छोटे क्लेम घ्यावेत का हेही कळतं. वरच्या गाडीने एक क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळणार होता तो शून्यावर येतो. आयडीव्ही तेवढाच धरला तरी जीएसटीसह जवळपास ३,४०० रुपयांचा फटका, शिवाय क्लेममधून कापली जाणारी १,००० रुपये सक्तीची वजावट. चार-साडेचार हजारांपर्यंतचा ओरखडा गॅरेजमध्ये पदरचे पैसे देऊन काढलेला बरा.

अ‍ॅड-ऑनपैकी झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर, पहिली पाच वर्षं घ्याच. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे, बॅटरीचे, टायरचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात आणि आजकालच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचाच असतो. चावी हरवल्याचं कव्हर आम्ही सोडून देऊ.

इंजिन प्रोटेक्ट मात्र या भागात चैन नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर आलं होतं. खानापूर, चोर्ला, आंबोलीकडचा पाऊस तर सांगायलाच नको. गाडी पाण्यात बंद पडली आणि पुन्हा चावी मारली की एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या फुल इन्शुरन्समध्ये कंपनी हे परिणामी नुकसान ठरवून नाकारते. इंजिन प्रोटेक्ट असलं तरी काही पॉलिसींत पाण्यात पुन्हा सुरू केल्यास अट लागते, ती ओळ वाचूनच घ्या. पाण्यात बंद पडली तर चावीला हात न लावता ढकलून बाहेर काढा, फोटो काढा, टो करून न्या. मूळ पॉलिसीत टोइंगला जेमतेम १,५०० रुपये मिळतात. रोडसाइड असिस्टन्स घेताना किती किलोमीटरपर्यंत फुकट नेतात ते विचारा.

क्लेम नाकारला जाण्याची इथली दोन ठरलेली कारणं. पहिलं वडाप: खासगी पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं भरली आणि ते सिद्ध झालं की स्वतःच्या नुकसानीचा पैसा मिळत नाही. दुसरं, जुनी घेतलेली गाडी. आरसी नावावर झाली, पॉलिसी पहिल्या मालकाच्याच नावावर. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येते, स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. एमएचची गाडी बारा महिन्यांच्या वर इकडे ठेवायची असेल तर केए नंबर घ्यावा लागतो, तोही पॉलिसीवर चढवून घ्या. सीएनजी किट बसवलं असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हीवर.

अपघात झाल्यावर गाडी हलवण्याआधी कंपनीला फोन. पन्नास हजारांवरच्या क्लेमला सर्व्हेअर येतो, तोवर भाग खोलू देऊ नका. पोलिसांचा पंचनामा कन्नडमध्ये होतो. कन्नड वाचणाऱ्याकडून गाडीचा नंबर, चालकाचं नाव, लायसन्स आणि वेळ तपासूनच सही करा. चालकाचं नाव क्लेम फॉर्मशी जुळलं नाही तर फाइल तिथंच थांबते. कंपनीने लेखी तक्रारीला दाद दिली नाही तर बेळगावकरांसाठी विमा लोकपाल बेंगळुरूला बसतो. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथं मागता येते.